चुली किती?

बिबवेवाडी, पुणे
६ जानेवारी २०२५

ती. वन्संना,
सप्रेम जयभीम.

तुमच्या बोरमाळात मोबाइलला रेंज येते ती फक्त शाळेमागच्या टेकाडावर, आणि तिथे तुम्ही बोलायला लागलात की निम्मी वाडी कान देऊन ऐकते. म्हणून हा कागद. उत्तरेश्वर रोज दुधाची गाडी घेऊन कात्रजला येतोच. म्हणाला, "वहिनी, कॅन पोचतात तशी चिठ्ठीपण पोचेल." पोचते खरी, पण तुमच्या मागच्या पत्राला ताकाचा वास होता. हे पत्र तुमच्या हातात पडेपर्यंत त्याचं दही झालं नाही म्हणजे मिळवली.

तुमचे धाकटे बंधू ठणठणीत आहेत. रिटायर झाल्यापासून गॅलरीत बसून सोसायटीच्या टाकीवर नजर ठेवतात. टाकी भरत नाही, पण यांचा दिवस भरतो.

आता कामाचं. तुमची लाडकी भाची पुढच्या आठवड्यात तिकडे येते आहे. आत्याकडे नव्हे, कामाला. चैतालीच्या सदाशिव पेठेतल्या संस्थेनं तुमच्या वाडीचं पाण्याचं काम घेतलंय. ओढ्यावरच्या बंधाऱ्यातलं पाणी पंपानं टेकाडावरच्या टाकीत चढवायचं आणि तिथून शेतांना सोडायचं. यात गंमत अशी की ज्याची जमीन मोठी त्याला जास्त पाणी, असं नाही. घराला एक वाटा. जमीन असो नसो. म्हणजे बापूरावांच्या वीस एकरांना जेवढा वाटा, तेवढाच तुमच्या शून्य एकरांना.

शून्य एकरांवर पाणी कुठे ओतू, असं तुम्ही मला विचारणार नाही, माहीत आहे. हे वाचून होईपर्यंत तुमचं ठरलेलंही असेल.

एक मात्र सांगून ठेवते. पोरगी कामात फार काटेकोर आहे. एकदा मी ऑफिसात डबा द्यायला गेले तर मला "मॅडम, बसा" म्हणाली. पेठेत चार वर्षं नोकरी केल्यावर दुसरं काय होणार! तेव्हा ती काय विचारेल त्याची सरळ उत्तरं द्या. तुमची सरळ उत्तरं मला ठाऊक आहेत म्हणून हे लिहिते.

आपली,
जया


बोरमाळ
१५ जानेवारी २०२५

चि. सौ. जयाला अनेक आशीर्वाद व जयभीम.

तुझी लेक आली अन् गेली. डोक्याला टोपी, पायात ह्ये एवढे बूट, पाठीला दप्तर. आमच्या कुत्र्यानं आधी तिला वीजबिलवाली समजून लई भुकून घेतलं. मी म्हणलं, गप रं, भाची हाय माझी. तर ही म्हणती, "आत्या, आज मी भाची नाही." बरं बाई, नसू दे.

पाण्याचं म्हणशील तर तुझं खरं हाय, माझं ठरलंच हाय. वस्तीच्या मागं बापूरावाचा मुरमाड तुकडा पडून हाय. त्याचा एक वाटा वीस एकराला कुठं पुरायचा? म्हणून त्योच आला. जमीन त्याची, पाणी माझं, राबणं माझं, पीक निम्मं निम्मं. जया, ह्या वयापातूर मी त्याच्या दारात मजुरीला उभी ऱ्हायले. परवा बापूराव माझ्या दारात उभा ऱ्हाऊन इचारत होता, "द्वारका, जमतंय का?" मी म्हणलं, इचार करून सांगते. इचार कसला करायचाय, पण जरा थांबू दे की त्यालाबी!

गवार लावणार हाय. पुण्यात गवारीला काय भाव देता ते कळव. उगं कमी करून सांगू नको.

आता तुझ्या काटेकोर लेकीची गंमत ऐक. मागल्या साली गॅसवाल्या दोघी बाया येऊन दम देऊन गेल्या होत्या, चूल दिसली तर गॅस परत नेऊ म्हणून. आता गॅसची टाकी भरायची म्हंजे काय खेळ हाय का? रिकामी टाकी घरात हाय, तिच्यावर मी पिठाचा डबा ठेवते, चांगला बसतो. अन् चूल परसात हाय, तिच्यावर कोंबडीचं डालगं पालथं घालून ठेवते. कुणाला संशय यायचा न्हाई.

तर ही कागद काढून बसली अन् लगीच इचारती, "आत्या, चुली किती?"

मी काय आजची हाय? म्हणलं, एकबी न्हाई.

"अगं, एक तरी असेल ना?"

न्हाई म्हंजे न्हाई. कवाच बंद केली.

गॅसचं नाव मातुर मी काढलं न्हाई. न जाणो, टाकी उचलून बघितली असती. तिनं मग शालूला इचारलं. शालू माझी धाकटी जाऊ, रोज भांडती माझ्याशी, पण चारचौघांत कधी उघडं पाडायची न्हाई. ती म्हणाली, "आक्काची चूल बंदच हाय, मी बघितलीया." दुपारी भाकरी वाढली तर भाकरीला जाळाचा वास. पोरीनं हुंगली. मी लगीच सांगितलं, शालूच्या घरची हाय. शालूला गॅस मिळालाच न्हाई, तिला कशाचं भ्या?

अशी निभावून नेली बघ. पण एक इचारते, राग मानू नको. पोरीचं कुठं जुळलंय का? चूल न्हाई म्हणल्यापासनं तोंड उतरलं तिचं. जाताना भाची न्हाई म्हणणारी पोर माझ्या गळ्यात पडली अन् डोळं पुसत गेली. असं उगंच कुणी रडत न्हाई. मुलगा चांगला असंल तर तिच्या बापाला, सुखदेवला, मी समजावते.

तुझी,
द्वारका


बिबवेवाडी, पुणे
१८ जानेवारी २०२५

ती. वन्संना,
सप्रेम जयभीम.

जुळलेलं कुठेच काही नाही. बिघडलंय, आणि ते तुम्ही बिघडवलंय.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा डोक्याला हात लावला. अहो वन्सं, चैतालीला तुमच्या धुराशी काय करायचंय? त्यांच्या कामात घर मोजतात ते चुलीवर. एका छपराखाली दोन भाऊ वेगळे शिजवत असतील तर दोन चुली, दोन वाटे. एकत्र जेवत असतील तर एक. तुम्ही छातीठोक सांगितलंत की माझी चूल नाही, कधीच बंद केली, आणि भाकरी शालूच्या घरची. वर साक्षीदार उभा केलात! आता तुमची गणती शालूच्या घरात झाली आहे. तुमच्या नावानं पाण्याचा वाटा नाही.

आणि चूल म्हणजे घर, हे काय पेठेतल्या लोकांनी शोधून काढलंय? मी नवी नवरी म्हणून बोरमाळात, तुमच्याच शेजारी राहायला आले तेव्हा तुम्हीच मला बाजूला घेऊन म्हणाला होतात, "जया, चूल वेगळी ठेव, म्हंजे माझ्याशी गोड राहशील." त्या वेळी तुम्ही मला गॅसबद्दल सांगत होतात का?

पोरगी रडली ती कशाने, तेही सांगते. दाजी गेले तेव्हा सगळे म्हणत होते, बाई एकटी कशी राहील, दिराच्या घरात जाऊ दे. तुम्ही ऐकलं नाहीत. दाराबाहेर तीन दगड मांडलेत आणि स्वतःचं शिजवून खाल्लंत. ही गोष्ट ऐकत चैताली मोठी झाली. तिला वाटलं, आत्या थकली, आत्यानं चूल मोडली आणि आपल्याला कळवलंही नाही. दोन दिवस धड जेवली नाही. तुमचं पत्र वाचून दाखवलं तेव्हा आधी जोरात हसली, आणि मग परत रडली, कारण आता करायचं काय?

मीही तिला सोडलं नाही. म्हटलं, भाकरीला धुराचा वास येतोय, परसात डालगं पालथं घातलेलं आहे, तुला काही कळलं नाही? तर म्हणते, "आई, परसात डोकावणं बरं नाही. ती खासगी जागा आहे." धन्य!

आता गुपचूप ती काही बदलू शकत नाही. तसा नियमच आहे, आणि त्यातून तुम्ही आत्या. उद्या बोरमाळ म्हणेल, पोरीनं घरच्यांना पाणी वाटलं. मार्ग एकच. रविवारी, ९ फेब्रुवारीला, शाळेत सभा आहे. सगळ्या घरांची नावं वाचून दाखवतील. ज्याचं राहिलं असेल त्यानं उभं राहून सांगायचं. तुम्ही उभ्या राहा आणि सांगा, माझी चूल आहे. एवढंच.

आपली,
जया

ता. क. गवारीचा भाव तुम्हाला वाटतो त्यापेक्षा जास्त आहे. म्हणूनच इतकं पोटतिडकीनं लिहिते आहे.


बोरमाळ
२४ जानेवारी २०२५

चि. सौ. जयाला आशीर्वाद.

एवढं शिकवलंस पोरीला, अन् "आत्या, तुझं शिजतंय कुठं?" एवढं साधं इचारता येत न्हाई तिला? चुली किती म्हणं! आता बसा मोजत.

पत्र वाचून मी शालूला आधी शिव्या घातल्या. ती म्हणती, "आक्का, मी तुमच्यासाठीच खोटं बोलले की." तेबी खरंच हाय.

जया, मी सभंला जायची न्हाई. तू एवढंच म्हणतीस, पण तिथं उभी ऱ्हाऊन काय सांगू? म्हातारी खोटं बोलली, भाचीला फसवलं, आता पाणी द्या? समदी फिदीफिदी हसतील. बापूराव कालच येऊन गेला. म्हणाला, "तुझ्या नावाचा वाटा न्हाई म्हणं. मग मी दुसरं कुणी बघतो." म्हणलं, बघा. जाताना त्यानं मागंसुदिक बघितलं न्हाई.

आन् आणखी एक सांगते, हसू नको. मागायला उभं ऱ्हायलं की माझी जीभ टाळ्याला चिकटती. जन्मभर मागितलंच हाय. रेशन मागितलं, मजुरी मागितली, वस्तीला रस्ता मागितला. आता ह्या वयात पाणी मागायला चारचौघांत उभी ऱ्हाणार न्हाई. दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते तशी जाईन.

पण खरं सांगू का, वाईट लई वाटलं. मनात माझ्या गवारीच्या रांगा लावूनबी झाल्या हुत्या. पहिला तोडा तुला पाठवायचा, हेबी ठरलं हुतं.

पोरीला म्हणावं, जेव. आत्याची चूल हाय अजून.

तुझी,
द्वारका


बिबवेवाडी, पुणे
२७ जानेवारी २०२५

ती. वन्संना,
सप्रेम जयभीम.

सभेला जाणार नाही म्हणता. छान. आयुष्यभर तुम्ही मला सल्ले दिलेत, आज पहिल्यांदा माझी पाळी आली आहे, ती मी सोडणार नाही.

आमच्या सोसायटीत टँकर उशिरा आला की आमचे सेक्रेटरी अभयराव सगळ्यांना मेसेज टाकतात, "पाणी जपून वापरावे." मी खाली लिहिते, "आधी द्यावे, मग जपतो." त्यांना माझा राग येतो. येऊ दे. मी मागत नसते, वन्सं. मागतात ते दुसऱ्याचं. ओढा काय बापूरावांनी खणलाय? तुम्हाला तिथे काहीही मागायचं नाहीये. जे आहे ते सांगायचंय. चूल आहे, तर आहे म्हणायचं. खोटं बोलताना तुमची जीभ टाळ्याला चिकटली नाही, खरं बोलताना बरी चिकटते!

लोक हसतील म्हणता. हसतील की. तुम्ही डालगं घातलंत चुलीवर, हसायचं नाही तर काय करायचं? मी अजून हसते आहे.

तुमचे बंधू उद्याच निघायला तयार होते. मी थांबवलं. म्हटलं, भाची आहेच तिथे, त्यात भाऊ गेला की लोक विचारतील, वऱ्हाड कधी येतंय? पण माणूस आतून हललाय. काल टाकी ओव्हरफ्लो झाली तरी त्यांचं लक्ष गेलं नाही. आमच्याकडे ही घटना किती दुर्मीळ आहे ते तुम्हाला कळणार नाही.

मी हसत लिहिते आहे, पण मला भीती वाटते. तुम्ही त्या दिवशी घरी बसलात तर पुढची सगळी वर्षं त्या तुकड्याकडे बघत दुसऱ्याच्या रानात खुरपत बसाल, आणि मला ते बघवणार नाही. जा ना, वन्सं.

आपली,
जया


बोरमाळ
१० फेब्रुवारी २०२५

चि. सौ. जयाला, सुखदेवला अनेक आशीर्वाद व जयभीम.

तुझं पत्र आल्यापासनं मी तुझ्यावर रुसून हुते. म्हणून उत्तर धाडलं न्हाई. मोठ्या नणंदेला असं कुणी लिहितं व्हय?

काल सभा झाली. मी जाणार नव्हते. शालू सकाळीच दारात येऊन उभी, "आक्का, मी खोटी साक्ष दिली, ती मागं घ्यायची हाय. एकटी कशी जाऊ?" बरी शहाणी हाय. गेले तिच्यासंगं, मागं भितीला टेकून बसले.

तुझी लेक टेबलामागं. आत्याकडं एकदाबी बघंना. एकेक नाव वाचत गेली. बापूरावाचं आलं, शालूच्या मालकाचं आलं. वस्तीतली समदी आली. मग म्हणाली, "कुणाचं नाव राहिलंय?"

शालूनं बरगडीत असं कोपर मारलं की उठावंच लागलं. उभी ऱ्हायले अन् तोंडातनं पाणी, वाटा, हक्क असलं काहीच निघालं न्हाई. एकदम वराडले, "माझी चूल हाय!"

जी काय हसली माणसं! मागनं कुणीतरी म्हणालं, "गॅसवाल्या बायांना कळवू का?" मला बी चेव आला. म्हणलं, कळवा की, येताना भरलेली टाकी घेऊन या म्हणावं. मग सगळं सांगितलं, डबा, डालगं, शालूची भाकरी. हसू दिलं पोटभर.

मला वाटलं, झालं, आता पोरगी लिहील. पण ती तुझी लेक! म्हणाली, "चूल पाहावी लागेल." आत्याच्या शब्दाला काय किंमत हाय का न्हाई? निघाली सगळी सभा माझ्या घराकडं, पुढं मी, मागं समदं बोरमाळ. बापूराव हुता, त्याची आई चंद्रभागाकाकूबी काठी टेकत आली, तमाशा बघायला.

परसात गेलो. डालगं उचललं तर खाली चूल, पण कशी? सकाळीच सारवलेली, राखबी काढलेली, कोरी करकरीत. भ्या वाटलं की मी आधी सारवतेच. बापूराव म्हणाला, "ही तर आजच मांडल्यागत दिसती." अंगाचा नुसता जाळ झाला माझ्या. काटक्या घातल्या, पेटवली, अन् मोठं पातेलं चढवलं. घरात प्यायचं पाणी जेवढं हुतं तेवढं सगळं ओतलं, शालूनं तिचा हंडा आणून ओतला. म्हणलं, च्या पिऊन जावा अन् मग सांगा चूल कुणाची हाय.

शेजारपाजारचे कप गोळा केले. बसली माणसं माझ्या परसात. जया, तू लग्न होऊन आलीस तवा बघितलंस की. बापूरावाच्या त्या घरांतलं माणूस आपल्या वस्तीत घोटभर पाणी घेत नव्हतं. चंद्रभागाकाकू तर उंबऱ्यापातूरबी येत नव्हती. मी सवयीनं तिचा कप खाली ठेवून मागं सरले. म्हातारी म्हणाली, "मला वाकवत न्हाई आता. हातात दे." दिला हातात. प्याली, अन् म्हणती, "साखर कमी हाय, द्वारका." मी म्हणलं, काकू, पहिल्यांदा येताय, गोडाची सवय नको लागायला. ती हसली. बापूराव पण कसनुसा हसला, अन् त्यानं दुसरा कप मागून घेतला. गवारीची बात त्यानं काढली न्हाई. काढंल आपोआप. मी बी आता इचार करूनच सांगणार हाय.

तुझ्या लेकीनं मातुर च्याला हात लावला न्हाई. आधी काम. कागद गुडघ्यावर घेऊन तिथंच चुलीपाशी बसली. म्हणाली, "कुटुंबप्रमुखाचं नाव?"

कुणी म्हणालं, मयत मालकाचं लिहा. कुणी म्हणालं, दिराचं लिहा, बाईमाणूस हाय. शालूचा मालक खाली बघत ऱ्हायला. पोरीनं कुणाचंच लिहिलं न्हाई. पेन तसंच धरून माझ्याकडं बघितलं, अन् सगळ्या बोरमाळासमोर, सावकाश, मला म्हणाली, "कुटुंबप्रमुख आपण का?"

जया, "आपण" म्हणाली मला. जन्मात मला कुणी "आपण" म्हणलं नव्हतं. मी मागं वळून बघितलं, कुणाला इचारती ती. मागं कुणीबी नव्हतं.

म्हणलं, व्हय. मीच.

तुझी,
द्वारका